‘माहीत नाही’ म्हणण्याचे धैर्य

प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम सुरू झाला की घरातल्या प्रत्येकाला एकाएकी कंठ फुटतो. एरवी मुकाट्याने वरणभात कालवणारे आजोबा ‘सी! अरे सी!’ म्हणून ओरडू लागतात. कॉलेजात जाणारे चिरंजीव पडद्यावर पर्याय उमटायच्या आतच उत्तर देऊन टाकतात आणि ते चुकले की ‘मी दुसरेच म्हणणार होतो’ अशी मखलाशी करतात. स्वयंपाकघरातून फोडणीच्या आवाजावर आवाज चढवून कुणीतरी विचारते, ‘काय होता गं प्रश्न?’ आणि तो सांगेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असतो. या सगळ्या गदारोळात पडद्यावरचा स्पर्धक बिचारा घोटभर पाणी पिऊन चार पर्यायांकडे टक लावून बसलेला. तो जरा जास्तच वेळ बसला, की सोफ्यावरून शेरा येतो, ‘एवढे साधे येत नाही? आणि निघाले करोडपती व्हायला!’

मला लिहायचे आहे ते या शेऱ्याविषयी. कारण तो शेरा मारताना आपण त्या माणसाविषयी काही सांगत नसतो; ज्ञान म्हणजे काय याविषयीची आपली समजूत उघडी करत असतो. आणि ही समजूत दिवाणखान्यातच राहत नाही. ती मुलांच्या दप्तरात जाते, कचेरीत जाते, दवाखान्यातही जाते.

तसे पाहिले तर सामान्यज्ञानाच्या स्पर्धा आपल्याला नव्या नव्हेत. १९७२ साली सुरू झालेली बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट रेडिओवरून घराघरांत पोचली ती आधी हमीद सयानींच्या आणि त्यांच्यानंतर त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानींच्या आवाजात. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचे ‘क्विझ टाइम’ सुरू झाले. कॉलेजांचे संघ, खणखणीत इंग्रजी, प्रश्न संपायच्या आत उत्तर. तालुक्याच्या गावी तो कार्यक्रम पाहताना आम्हाला कौतुक वाटे, पण ते सर्कशीतल्या कसरतींचे वाटावे तसे. ती मुले आपल्यातली नव्हेत, आपण तिथे कधी बसणार नाही, हे गृहीतच होते.

३ जुलै २००० रोजी, सोमवारी रात्री नऊ वाजता ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि हे गृहीत मोडले. मूळ खेळ इंग्रजांचा. ४ सप्टेंबर १९९८ रोजी तो ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर प्रथम दाखवला गेला होता. आपल्याकडे अमिताभ बच्चन आले, हिंदी आली आणि एक कोटीचा आकडा आला. या कार्यक्रमाच्या निर्मितीमागेही सिद्धार्थ बसूच होते. पण आता समोर कॉलेजचा संघ नव्हता. टेलिफोन फिरवून फिरवून बोट दुखवलेला कुणीही त्या खुर्चीवर बसू शकत होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिला करोडपती झाला तो मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा २७ वर्षांचा तरुण. शेवटचा प्रश्न होता संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कुणाला देते, आणि उत्तर होते ‘ॲटर्नी जनरल’. त्या रात्रीनंतर कितीतरी मराठी घरांत सामान्यज्ञानाच्या पुस्तकांवरची धूळ झटकली गेली असेल! पुढे २०१३ साली सचिन खेडेकरांचे ‘कोण होईल मराठी करोडपती’ आले, २०१९ साली त्याच खेळासाठी नागराज मंजुळे यजमानाच्या खुर्चीवर बसले. २०२५ साली मूळ हिंदी कार्यक्रमाला पंचवीस वर्षे झाली. म्हणजे हा खेळ पाहत एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली.

या पिढीने त्यातून काय घेतले? ‘ज्याला जास्त उत्तरे येतात तो हुशार’ एवढेच घेतले असेल, तर खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट हातून निसटली असे मी म्हणेन. त्या खुर्चीवरचे खरे कसब उत्तर येण्यात निम्मेच असते. उरलेले निम्मे, आपल्याला काय येत नाही हे ओळखण्यात.

पहिल्या वर्षीचा खेळ आठवा. पंधरा प्रश्न, एक हजारापासून एक कोटीपर्यंतची शिडी. दहा हजार आणि तीन लाख वीस हजार या दोन पायऱ्या पक्क्या. तिथवर पोचल्यावर कितीही घसरलात तरी त्याखाली पडायचे नाही. समजा, स्पर्धक ५० लाखांवर पोचला आहे आणि समोर कोटीचा प्रश्न आहे. उत्तर बरोबर आले तर ५० लाख आणखी. चुकले तर थेट ३ लाख २० हजारांवर, म्हणजे ४६ लाख ८० हजारांवर पाणी. नाहीतर ‘मी इथेच थांबतो’ म्हणायचे आणि ५० लाख घेऊन घरी जायचे.

आता गणित काय म्हणते ते पाहू. दोन पर्याय उरले आहेत आणि दोन्ही सारखेच बरोबर वाटतात, असे धरा. डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने हाती येतात ५१ लाख ६० हजार. ५० लाखांपेक्षा जास्तच की! कागदावरचे गणित म्हणते, खेळा. आणि सोफ्यावरचे आपण सगळे त्या गणिताच्याच बाजूने असतो. ‘अरे, मार ना! काय घाबरतोस!’

पण तो माणूस थांबतो. आणि त्याचे बरोबर असते. १७३८ साली डॅनिएल बर्नोली या स्विस गणितज्ञाने हे नेमके मांडून ठेवले आहे. पैशाचे मोल त्यावरच्या आकड्यात नसते, तो कुणाच्या हातात पडतो यावर असते. श्रीमंताला हजार मोहरा मिळाल्या काय किंवा गेल्या काय, फारसा फरक पडत नाही. गरिबाचे आयुष्य त्यात उलटेपालटे होते. ज्याच्या ५० लाखांत बहिणीचे लग्न, वडिलांचे ऑपरेशन आणि डोक्यावरचे छप्पर आहे, त्याला दुसरे ५० लाख पहिल्याइतके मोठे नसतात. आपण मात्र दुसऱ्याच्या छपरावर बसून डाव लावतो. आपल्याला हरण्यासारखे काहीच नसते. सोफ्यावरचे शौर्य ते हेच.

आता जरा आपल्या शाळांकडे वळू. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही ठेवताना घरोघरी एक उपदेश होतो, ‘पेपर कोरा सोडू नकोस हं, काहीतरी लिहून ये.’ मीही तो ऐकला आहे, तुम्हीही ऐकला असेल. उपदेश प्रेमाचा आहे, व्यवहाराचाही आहे. अर्धा गुण तर अर्धा गुण. पण पंधरा वर्षे हेच ऐकलेल्या मुलाच्या अंगी काय मुरते? न येणाऱ्या प्रश्नापुढे गप्प बसणे हा गुन्हा, आणि ठोकून दिलेले काहीही गप्प बसण्यापेक्षा बरे. वर्गात ‘येत नाही’ म्हणणाऱ्याला बाकावर उभे करायचे आणि आत्मविश्वासाने चुकणाऱ्याला ‘निदान प्रयत्न तरी केला’ म्हणून पाठीवर थाप द्यायची, अशी आपली रीत.

गंमत म्हणजे, याच मुलांना पुढे सरकारी नोकरीची परीक्षा द्यायची असते आणि तिथला नियम उलटा असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात, आपल्या राज्याच्या आयोगाच्या पूर्वपरीक्षेत एक चतुर्थांश. तिथे कोरे सोडण्याला किंमत आहे. पण ज्याला आयुष्यभर कोरे सोडण्याची लाज वाटायला शिकवले, त्याचा हात त्या दिवशी एकदम कसा थांबावा? मग त्यासाठीही शिकवणी लावावी लागते!

हा प्रश्न परीक्षेपुरता असता तर मी इतके पानभर लिहिले नसते. रस्त्यात पत्ता विचारला तर ‘माहीत नाही’ म्हणण्यापेक्षा ठामपणे चुकीच्या गल्लीत पाठवणारी माणसे आपल्याला रोज भेटतात. त्यात फार तर चार पावले जास्त चालावे लागते. पण दुखणे असेल तर?

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या पोटात दुखू लागले. आमच्या तालुक्याच्या गावी एक डॉक्टर होते. त्यांनी नीट तपासले, पुन्हा एकदा तपासले आणि शांतपणे म्हणाले, ‘हे काय आहे ते मला कळत नाही. इथे वेळ घालवू नका, आजच्या आज मिरजेला घेऊन जा.’ आमच्या घरी त्यांच्यावर काय काय ताशेरे झाले! ‘कळत नाही तर पाटी कशाला लावली?’ असे आमचे एक काका म्हणाले. वडिलांना रात्री मिरजेला नेले, पहाटे शस्त्रक्रिया झाली. आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होते, असे तिथल्या सर्जननी सांगितले. वडील त्यानंतर एकोणीस वर्षे जगले. दुखणे ओळखणारे सर्जन मोठेच. पण वडिलांच्या त्या एकोणीस वर्षांचे निम्मे श्रेय मी ‘मला कळत नाही’ म्हणणाऱ्या त्या गावच्या डॉक्टरांना देतो. गावात आपले नाव कमी होईल याची पर्वा न करता त्यांनी खेळ वेळेवर थांबवला होता.

यंत्रसुद्धा हे शिकते, माणसाने शिकायला काय हरकत आहे? २०११ साली अमेरिकेत ‘जेपर्डी’ या जुन्या प्रश्नमंजूषेत आयबीएम कंपनीचा ‘वॉटसन’ नावाचा संगणक दोन महारथी स्पर्धकांविरुद्ध उतरला. त्यांपैकी केन जेनिंग्ज हे २००४ साली लागोपाठ ७४ खेळ जिंकलेले. संगणकाने दोघांनाही हरवले. पण एका प्रश्नावर त्याची फजिती झाली. विषय होता अमेरिकेतली शहरे आणि त्याने उत्तर दिले टोरांटो, जे कॅनडात आहे. प्रेक्षक हसले. मला मात्र त्या फजितीतला तपशील जास्त बोलका वाटतो. त्या उत्तरापुढे संगणकाने पाच प्रश्नचिन्हे टाकली होती आणि पैज लावली होती फक्त ९४७ डॉलरची. उत्तर चुकले, पण आपली खात्री किती हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून तो बुडाला नाही. आज खिशातल्या फोनला काहीही विचारले तरी क्षणात गुळगुळीत भाषेत उत्तर मिळते. अशा काळात उत्तरे पाठ असण्याची किंमत उतरत जाणार आणि उत्तरावर किती विसंबावे हे कळण्याची किंमत चढत जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या खेळाने आणखी एक गोष्ट शिकवली आणि तिच्याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. ज्ञान कुणाकडे असते, याचे आपले आडाखे त्याने चुकवले. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे त्या खुर्चीवर बसल्या. शाळेतल्या मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, महिना पंधराशे रुपये मिळायचे. बाई एक कोटी जिंकल्या आणि सात कोटींच्या प्रश्नाला नमस्कार करून थांबल्या. २०२२ साली कोल्हापूरच्या कविता चावला, बारावीपर्यंत शिकलेल्या गृहिणी, कार्यक्रम सुरू झाला त्या वर्षापासून प्रयत्न करत होत्या. त्याही एक कोटीपर्यंत पोचल्या आणि पुढच्या प्रश्नावर थांबल्या. आपल्या शाळेत दुपारी ताटात खिचडी वाढणाऱ्या बाईंना आपण कधी एखादा प्रश्न विचारला होता का? मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला नवऱ्याची वाट पाहणाऱ्या आईला? पुस्तके वाचणारी, वर्तमानपत्राचा पुडा उलगडूनही आधी मजकूर वाचणारी माणसे आपल्या आजूबाजूला असतात. आपली नजर त्यांच्या पदवीवर अडते. २००८ सालच्या ‘स्लमडॉग मिलेनियर’ या चित्रपटाची सगळी गोष्टच या नजरेवर उभी आहे. झोपडपट्टीतल्या पोराला उत्तरे आली, म्हणजे त्याने लबाडीच केली असणार!

सामान्य माणसाच्या शहाणपणाचा पुरावा खेळातच आहे. अमेरिकेतल्या याच खेळाचे आकडे जेम्स सुरोविएकी या लेखकाने २००४ सालच्या आपल्या पुस्तकात दिले आहेत. स्पर्धकाने फोन करून गाठलेला जाणकार मित्र सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर निघाला आणि स्टुडिओत सहज येऊन बसलेला प्रेक्षकवर्ग ९१ टक्के वेळा. फोन शक्यतो अवघड प्रश्नाला केला जातो, हे ध्यानात घेतले तरी फरक लहान नाही. पण मित्राला वा प्रेक्षकांना विचारण्यासाठी आधी ‘मला खात्री नाही’ हे चारचौघांत म्हणावे लागते. मदतीचे दार त्या एका वाक्याने उघडते.

एवढे सगळे म्हटल्यावर नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर नव्हे. दूरचित्रवाणीला ज्ञानापेक्षा नाट्य प्रिय असते. १९५६ साली अमेरिकेत ‘ट्वेंटी वन’ नावाच्या प्रश्नमंजूषेत हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक जिंकत चालला होता. निर्मात्यांना अधिक देखणा विजेता हवा होता. स्टेम्पेलला सांगण्यात आले की, ऑस्कर मिळवणाऱ्या ‘मार्टी’ या चित्रपटाच्या प्रश्नावर चुकायचे. तो चित्रपट त्याच्या फार आवडीचा, उत्तर जिभेवर. तरी तो चुकला. त्याच्या जागी आलेले चार्ल्स व्हॅन डोरेन हे कोलंबिया विद्यापीठातले उमदे अध्यापक. त्यांना उत्तरे आधीच पुरवली जात होती. १९५९ साली त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे हे कबूल केले, आणि १९६० साली अशा बनवाबनवीविरुद्ध कायदा झाला. ‘मला येत नाही’ हे झाकण्यासाठी एका विद्वानाने आपली अध्यापकी गमावली.

लबाडी नसेल, तरी प्रसिद्धीची झळ असतेच. मोतिहारीचे सुशील कुमार मनरेगात संगणकावर काम करणारे, महिन्याला सहा-साडेसहा हजार कमावणारे गृहस्थ. २०११ साली त्यांनी पाच कोटी जिंकले. त्यातली मोठी रक्कम अर्थातच करात गेली. अशा बक्षिसावर तीस टक्के कर आणि वर अधिभार लागतो. २०२० साली त्यांनी स्वतःच आपली पुढची वर्षे किती खडतर गेली हे लिहिले. भलत्या धंद्यांत पैसा गेला, फसवणूक झाली, व्यसने जडली, घरात बेबनाव झाला. पुढे ते सावरले, चंपारणात चाफ्याची झाडे लावू लागले, शिक्षक झाले. पाच कोटींचा प्रश्न सोडवणाऱ्याला ‘आता या पैशाचे काय करू, मला कळत नाही’ असे विचारायला विश्वासाचे कुणी जवळ नव्हते. आणि आपण तोपर्यंत चॅनेल बदलून पुढच्या स्पर्धकाला हसू लागलो होतो.

हसण्याची ही सवय आता फार पुढे गेली आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात एका लहान मुलाने कार्यक्रमात जरा आगाऊपणा केला, पर्याय न ऐकताच उत्तर द्यायची घाई केली आणि तो रिकाम्या हाताने परतला. झाले! समाजमाध्यमांवर मोठी माणसे त्या पोरावर आणि त्याच्या आईबापांवर तुटून पडली. त्या मुलाला ‘उत्तर चटकन दे, चुकायला घाबरू नकोस, गप्प बसू नकोस’ हे कुणी शिकवले? आपणच की! आपल्याच शिकवणीचे प्रतिबिंब पडद्यावर दिसले आणि आपण आरशावर दगड मारले. मुलांना अशा खुर्चीवर बसवणाऱ्या वाहिन्यांनी कोणता प्रसंग दाखवायचा आणि कोणता कापायचा, हे ठरवताना त्या मुलाच्या पुढच्या शाळेच्या दिवसाचा विचार करायलाच हवा. पण पहिली जबाबदारी पाहणाऱ्यांची आहे.

म्हणून एक छोटी सूचना करतो. हा खेळ जरूर पाहा, मुलाबाळांसह पाहा; जेवणाच्या वेळी घरातल्या तीन पिढ्यांना एकत्र बसवणारे कार्यक्रम आता उरलेत किती? फक्त एक नियम करा. ज्याने त्याने उत्तराबरोबर आपली खात्री रुपयात किती आणे, हेही सांगायचे. सोळा आणे म्हणून जो चुकेल त्याचे गुण कापायचे. आणि जो ‘मला माहीत नाही’ म्हणेल, त्याला अर्धा गुण द्यायचा. मात्र दुसऱ्या दिवशी त्याने ते उत्तर शोधून सर्वांना सांगायचे. महिनाभर असे खेळून पाहा. आजोबांचा ‘सी! अरे सी!’ जरा हळू होईल, चिरंजीवांची मखलाशी थांबेल, आणि स्वयंपाकघरातून आजवर फक्त प्रश्न विचारणाऱ्या बाई किती उत्तरे जाणून होत्या, हेही कदाचित कळेल.

परीक्षेला निघालेल्या मुलाला दही देतानाही एक वाक्य जास्त सांगता येईल. जे येते ते नीट लिही, आणि जे येत नाही ते घरी आल्यावर सांग, आपण मिळून शोधू. गुण एखादा कमी पडेल. पण पुढे तो डॉक्टर झाला, इंजिनिअर झाला, अधिकारी झाला, तर त्याच्यापुढे बसलेल्या माणसाचा जीव किंवा छप्पर त्या एका वाक्याने वाचेल.